पहिला तास आणि ७१४ रुपये

धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आणि पाचोडहून छत्रपती संभाजीनगर घड्याळाच्या हिशेबाने जवळ आले. किलोमीटर तेवढेच राहिले, सुमारे पन्नास. या रस्त्यावर लांब पल्ल्याचे ट्रक, एसटी आणि खासगी बस धावतात. त्याच रस्त्यावर कापूस-मोसंबी घेऊन निघालेला ट्रॅक्टर असतो, उसाची ट्रॉली असते आणि बायको-मुलाला घेऊन पैठण किंवा अंबडकडे वळणारा दुचाकीस्वारही असतो. एकाचा वेग ताशी ८० ते १०० किलोमीटर, दुसऱ्याचा २०. अपघाताचे मूळ बहुतेक वेळा या फरकात असते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १५ हजार २२४ महाराष्ट्रातील होती. मृतांमध्ये दर शंभरात ४४ जण दुचाकीवरचे आणि १९ जण पायी चालणारे होते. म्हणजे हा प्रश्न आलिशान मोटारींचा नाही, शेतावर, दवाखान्यात आणि बाजाराला जाणाऱ्या माणसांचा आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्याचे दोन भाग पडतात. शरीराची हानी पहिल्या तासात ठरते आणि कुटुंबाची हानी पुढच्या वीस वर्षांत. पहिलीवर उपाय हेल्मेट आणि वेळेवर उपचार. दुसरीवर उपाय विमा. आपल्याकडे दोन्हींकडे पाहिले जाते ते फक्त पोलिसांची पावती टाळण्याचे साधन म्हणून.

वेगाचे गणित

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. शाळेत शिकलेले हे सूत्र रस्त्यावर कसे दिसते? ताशी ४० किलोमीटर वेगाने एखाद्या स्थिर वस्तूवर आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून खाली पडण्यासारखे आहे. वेग ६० असेल तर ही उंची १४ मीटर होते, म्हणजे साधारण चौथा-पाचवा मजला. गच्चीच्या कठड्यावर उभे राहायला आपण घाबरतो, पण ६० च्या वेगाने उघड्या डोक्याने जाताना भीती वाटत नाही. शरीराला उंचीची भीती उपजत असते, वेगाची नसते.

थांबायला लागणारे अंतरही असेच वाढते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगातली मोटार सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ८० च्या वेगात तिला ५५ ते ६० मीटर लागतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रात्री दिसते तेव्हा एवढे अंतर उरलेलेच नसते. म्हणून ट्रॉलीच्या मागे लावलेली लाल चकाकणारी पट्टी ही सर्वांत स्वस्त जीवरक्षक वस्तू आहे.

डोक्याला मार लागतो तेव्हा

दुचाकीवरून पडलेल्या माणसाच्या मेंदूला दोनदा इजा होते. पहिली धडकेच्या क्षणी. कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आपटतो. ही इजा कोणताही डॉक्टर उलटवू शकत नाही. ती कमी करते ते फक्त हेल्मेट. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. त्यांतले १४ हजारांहून अधिक मागे बसलेले होते. मागच्या सीटवर बसणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते, आणि हेल्मेट मात्र एकच घेतलेले असते.

दुसरी इजा नंतरच्या तासांत होते. आत रक्त साठते, सूज चढते, रक्तदाब घसरतो, मेंदूला प्राणवायू कमी पडतो. ही टाळता येते, पण तिची एक फसवी खूण आहे. कवटी आणि मेंदूच्या आवरणात रक्तस्राव झाला, तर रुग्ण काही वेळ शुद्धीवर येतो, बोलतो, चहासुद्धा घेतो. दोन-तीन तासांनी तो झोपाळू होतो, उलट्या करतो आणि बेशुद्ध पडतो. तेवढ्यात गावात ‘आपसात मिटवून’ झालेले असते. पाच-दहा हजार हातावर ठेवले जातात, पोलिसांत नोंद होत नाही आणि माणूस घरी जातो. वैद्यकीयदृष्ट्या ही सर्वांत धोक्याची वेळ असते, आणि नोंद नसल्याने पुढे भरपाईची वाटही अवघड होते. डोक्याला मार लागल्यावर क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल, तरी सीटी स्कॅन होईपर्यंत काहीही मिटवू नये.

पहिल्या तासात काय करावे

पाचोडला ग्रामीण रुग्णालय आहे. तेथे रक्तस्राव थांबवणे, प्राणवायू देणे, सलाइन लावणे ही पहिली कामे होऊ शकतात. मेंदूची शस्त्रक्रिया ग्रामीण रुग्णालयात होत नाही. त्यासाठी घाटी किंवा शहरातले मोठे रुग्णालय गाठावे लागते. म्हणून पाचोडचे काम रुग्णाला बरे करण्याचे नाही, त्याला घाटीपर्यंत जिवंत पोहोचवण्याचे आहे. हे कमी महत्त्वाचे काम नाही. ट्रानेक्झॅमिक आम्ल हे रक्तस्राव आवरणारे स्वस्त इंजेक्शन दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तर मृत्यू कमी होतात, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवले. ते जितके लवकर, तितके चांगले. त्यासाठी शहराची वाट पाहण्याची गरज नाही.

रस्त्यावरच्या माणसाने १०८ किंवा ११२ ला फोन करावा. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. पाणी पाजू नये. हात-पाय धरून उचलून जीपमध्ये टाकू नये; मान मोडलेली असेल तर त्या हिसक्याने मज्जारज्जू कायमचा निकामी होतो. तिघा-चौघांनी मिळून मान, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. श्वास अडकत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये.

‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ही भीती आता निराधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आले. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत २५ हजार रुपयांचे बक्षीसही आहे.

उपचाराच्या पैशांचे काय? पहिल्या तासात विनारोकड उपचार देण्याची तरतूद २०१९ मध्ये कायद्यात आली, पण योजना कागदावरच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला मुदत घालून दिली आणि मे २०२५ मध्ये ती अधिसूचित झाली. नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोकड मिळतात. इतर रुग्णालयांत फक्त प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत बसतात. त्यामुळे आपल्या मार्गावरचे नियुक्त रुग्णालय कोणते, याचे फलक महामार्गावर, टोलनाक्यावर आणि ग्रामीण रुग्णालयाच्या दारात मोठ्या अक्षरांत हवेत. योजनेचा पैसा वाहन विमाधारकांच्या अपघातांत विमा कंपन्यांच्या वाट्यातून येतो. विमा नसलेल्या किंवा पळून गेलेल्या वाहनांचा भार सरकारी तिजोरीवर पडतो.

विमा कोणासाठी?

तृतीय पक्ष विमा आपल्या गाडीसाठी नसतो, स्वतःसाठीही नसतो. तो आपल्या गाडीमुळे ज्याचे नुकसान होईल त्याच्यासाठी असतो. म्हणूनच कायद्याने तो सक्तीचा केला. भारतात ही सक्ती १९३९ च्या कायद्याने आली, आज ती १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ मध्ये आहे. तरीही देशातली निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात, असे संसदेपुढे आलेली सरकारी आकडेवारीच सांगते. नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा विमा येतो. तो संपला की नूतनीकरणाची आठवण कोणालाच राहत नाही.

७५ ते १५० सीसी दुचाकीचा तृतीय पक्ष हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार कर वगळता वर्षाला ७१४ रुपये आहे. विमा नसल्याचा पहिला दंड दोन हजार. लोक हप्त्याची तुलना या दंडाशी करतात आणि ‘पकडले तर पाहू’ म्हणतात. तुलना चुकीच्या आकड्याशी होते. खरा आकडा असा. समजा धडकेत ३५ वर्षांचा, महिना १२ हजार रुपये कमावणारा, मागे चार माणसे असलेला स्वतंत्र व्यावसायिक दगावला. सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या पद्धतीने वार्षिक उत्पन्न १ लाख ४४ हजार; भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवून २ लाख १ हजार ६००; त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करून १ लाख ५१ हजार २००; वयानुसार गुणक १६. भरपाई होते सुमारे २४ लाख रुपये, इतर किरकोळ रकमा वेगळ्या. विमा असेल तर ती कंपनी देते. नसेल तर गाडीमालकाच्या घरावर आणि जमिनीवर येते. आणि त्याच्याकडे जमीनच नसेल, तर निकाल हातात असूनही मृताच्या विधवेला काहीच मिळत नाही.

स्वतः घसरून पडलेल्या चालकाला तृतीय पक्ष विम्यातून काही मिळत नाही. त्यासाठी मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसी घेताना तो आहे का, हे विचारून घ्यावे. त्यासाठी वैध परवाना लागतो. धडक देऊन वाहन पळाले आणि सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. न्यायाधिकरणात दाव्यासाठी कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. म्हणून पोलिसांतील नोंद, पंचनामा, दवाखान्याची बिले, अपंगत्वाचा दाखला किंवा शवविच्छेदन अहवाल आणि उत्पन्नाचा पुरावा आधीपासूनच जपून ठेवावा.

ट्रॅक्टरचे काय?

आपल्या भागातली सर्वांत मोठी फट ट्रॅक्टरची आहे. कायद्याच्या व्याख्येत ट्रॉली हेही वाहन आहे, तिचीही नोंदणी आणि विमा लागतो. ट्रॅक्टरची पॉलिसी असली तरी ट्रॉली राहून जाते. ट्रॅक्टरच्या बहुतेक पॉलिसींत ट्रॉलीत बसलेल्या मजुरांचा समावेश नसतो. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे ट्रॉलीत झोपून प्रवास करणारी कुटुंबे म्हणूनच सर्वांत उघडी पडतात. कारखान्यांनी वाहतुकीचा करार करतानाच ट्रॉलीचा विमा, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर यांची अट घातली आणि गव्हाणीशी येणाऱ्या प्रत्येक वाहनाची तपासणी केली, तर हा प्रश्न एका हंगामात बराच आटोक्यात येईल.

शेतकरी कुटुंबांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. मृत्यूनंतर दोन लाख रुपये मिळतात. योजनेला ज्यांचे नाव आहे ते मुंडे स्वतः ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना अपघातात गेले. शहरातल्या रस्त्यावर झालेल्या त्या धडकेत त्यांना अंतर्गत दुखापती झाल्या होत्या. मागच्या सीटवरचा पट्टा अनेकांना आजही जाचक वाटतो, तेव्हा हे आठवावे.

दंड वाढवून यातले फारसे साधणार नाही. विम्याची मुदत संपण्याआधी मालकाच्या मोबाइलवर मराठीत संदेश जावा. पेट्रोल पंपावर, बाजार समितीत आणि ग्रामसेवा केंद्रात पाच मिनिटांत नूतनीकरण व्हावे. ग्रामीण रुग्णालयात रक्तस्राव रोखणारी औषधे आणि प्रशिक्षित माणसे चोवीस तास असावीत. आणि घरातल्या दुचाकीच्या डिकीतला कागद आजच काढून त्यावरची तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल, तर नव्या पॉलिसीपर्यंत गाडी दारातच उभी राहिलेली बरी.