बारगीर व्हा, मग शिलेदारीच्या गोष्टी करा (थ्रेड)

"आमच्या रक्तातच घोडा आहे." जुन्नर-आंबेगावच्या तरुणांच्या तोंडी हे वाक्य असते आणि पाठोपाठ प्रश्न येतो : रेसच्या घोड्यांकडे काम कसे मिळेल? प्रश्न उत्तम आहे. त्याआधीचे वाक्य मात्र इतिहासाला धरून नाही, आणि नोकरीच्या आड येते तेही तेच.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी काळात, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. सोबत विकायला एकच घोडा. तो येथवर आणण्यात शंभर रूबल खर्ची पडल्याचे त्याने नमूद केले आहे. जुन्नरच्या असदखानाने तो घोडा अडकवून ठेवला. धर्म बदल, मगच घोडा मिळेल, अशी अट घातली. एका खुरासानी खोजाने मध्यस्थी केली तेव्हा घोडा सुटला.

एका घोड्यासाठी अंमलदार इतका हटून बसतो, याचा अर्थ काय? चांगला घोडा येथे दुर्मीळ होता. निकितीन तर सरळ लिहितो की या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी निपजतात. विधान अतिव्याप्त आहे, हे मान्य. पण दख्खनची सत्ता समुद्रापलीकडून येणाऱ्या घोड्यावर किती विसंबून होती, हे त्यातून दिसते. त्याने घोड्यांचा खुराकही टिपला आहे : कडधान्य, आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी. ती रोज कोणीतरी शिजवत होते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

भीमथडीचे नामांकित तट्टू पुढे घडले ते भीमा आणि तिच्या उपनद्यांच्या काठी, परदेशी आणि देशी रक्ताच्या संकरातून. आपली कुकडी घोडला मिळते, घोड भीमेला. (घोड नदी आणि घोडेगाव या नावांवरून लगेच सिद्धान्त मांडू नका, ही नम्र विनंती.) घोडा आपल्या रक्तात नव्हता, तो विकत घेतला, पैदा केला, सांभाळला.

आता महाराजांकडे वळू. १६५७ मध्ये त्यांनी मोगलांच्या ताब्यातील जुन्नरवर छापा घातला. सभासदाच्या बखरीत त्या वेळी दोनशे घोडे हाती आल्याची नोंद आहे. घोडे मिळाले, पुढे काय? सभासदाने पागेची जी रचना दिली आहे ती प्रत्येक इतिहासप्रेमीने पाठ करावी : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांना लष्करी रचनेतच जागा होती.

शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. बारगिराला घोडा सरकारी आणि वेतनही सरकारी. राजाचा भर पागेवर होता आणि शिलेदारही तिच्या हुकमतीखाली ठेवले होते. तरीही आज गाडीच्या काचेवर 'शिलेदार' झळकतो. 'बारगीर' लिहिलेली काच मी अजून पाहिलेली नाही! पगारी माणसाचा वारसा आपल्याला लाजिरवाणा का वाटावा?

हीच लाज रेसकोर्सच्या दारात आडवी येते. आलेल्याला जॉकीच व्हायचे असते. जॉकीला पेलावे लागणारे वजन सर्वसाधारणपणे पन्नास-साठ किलोंच्या दरम्यान असते. धिप्पाड गड्याचे स्वप्न काट्यावरच संपते. आपल्या घाटांत बैलगाड्यापुढे घोडी पळवणाऱ्यांकडे धाडस आणि तोल असतो, हे मी नाकारत नाही. पण तबेल्यातली परीक्षा निराळी आहे. काल संध्याकाळचा चारा का उरला? पुढच्या डाव्या पायाला हात लावल्यावर ऊन का लागते? हे पहाटे चारला सांगू शकणारा मोतद्दार ट्रेनरला हवा असतो. मोतद्दार, सरावाचा स्वार, नालबंद, स्टड फार्मवर घोड्या आणि शिंगरे सांभाळणारा, पशुवैद्याचा मदतनीस : दारे ही आहेत. नेमणूक बहुधा ट्रेनर करतो, म्हणून विचारणा त्याच्याकडेच करावी. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात, मुंबईचा हिवाळ्यात.

"हे हलके काम आहे," असे म्हणणाऱ्यांना माझे एकच विचारणे आहे : पखालजी आजारी पडला तर तुमचा शिलेदार कितव्या कोसावर थांबला असता?

याचा अर्थ तबेल्यांचे सारे आलबेल आहे, असा नव्हे. घोडा जिंकला की मोतद्दार लगाम धरून छायाचित्रात उभा असतो आणि खालच्या ओळीत मालक, ट्रेनर, जॉकी यांचीच नावे येतात. बखरकारांची सवय आपण अशी चालू ठेवली आहे. म्हणून कामावर रुजू होण्यापूर्वी लेखी नेमणूक, भविष्यनिर्वाह निधी आणि अपघात विमा यांबद्दल विचारा. लाथ बसते ती मोतद्दाराला, मालकाला नव्हे.

आणि हा धंदा अढळ नाही. ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा रेसच्या क्षेत्रात चिंता पसरली ती उगाच नव्हे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि हजारो स्वार एका हंगामात बेकार झाले. तेव्हा केवळ बसता येणाऱ्यापेक्षा नाल ठोकता येणाऱ्याला दुसरे दार शोधणे सोपे गेले असणार, असा माझा तर्क आहे. कागद सापडला तर जरूर दाखवा. पुढचा थ्रेड नालबंदांवरच लिहायचा आहे.