दातृत्वाचा ताळेबंद

दानधर्मातून उभ्या राहिलेल्या वास्तूकडे आपण कृतज्ञतेने पाहतो. तिच्या पायात कोणता पैसा गेला, हे विचारणे आपल्याला अनुचित वाटते. हा संकोच कितपत योग्य आहे, याचा विचार लिव्हरपूल येथील ‘ब्लूकोट’ ही वास्तू करावयास लावते.

ब्रायन ब्लंडेल हा जहाजमालक आणि रॉबर्ट स्टाइथ हा धर्मोपदेशक, या दोघांनी १७०८ मध्ये तेथे गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा काढली. निळा डगला हा अशा शाळांचा गणवेश. त्यावरूनच हे नाव पडले. १७१६ मध्ये आरंभलेली इमारत १७२५ मध्ये पुरी झाली. रस्त्याकडे उघडणारे अंगण, त्याच्या तीन बाजूंना विटांचे प्रमाणबद्ध बांधकाम आणि खिडक्यांवर कोरलेली बालदेवदूतांची मुखे पाहून मन प्रसन्न होते.

परंतु ब्लंडेल आणि त्याचे अनेक सहदाते गुलामांच्या व्यापारात गुंतलेले होते. आफ्रिकेतील माणसे अमेरिकेत विकून मिळालेल्या नफ्याचा अंश या शाळेत येई. एका किनाऱ्यावर पोरक्यांना आसरा देणारा पैसा दुसऱ्या किनाऱ्यावर मुलांना पोरके करून मिळवलेला होता!

मग अशी वास्तू पाडून टाकावी काय? खचितच नाही. १९०६ मध्ये शाळा अन्यत्र गेली. पुढे इमारत विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा १९२७ मध्ये कलाप्रेमी नागरिकांनी संस्था स्थापून ती वाचवली. १९४१ च्या बाँबवर्षावानंतर १९५१ पर्यंत तिची डागडुजी झाली. आज तेथे कलाकेंद्र आहे आणि ते केंद्रच आपल्या संस्थापकांचा हा व्यवहार उघडपणे सांगते. वास्तूही राहिली आणि सत्यही राहिले.

आपल्यालाही हा विषय परका नाही. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवीमुळे लिव्हरपूलला मुंबईचा कापूस हवासा झाला. त्या तेजीत गबर झालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये उभा राहिला. कापसाच्या व्यापाराची गुलामांच्या व्यापाराशी तुलना करणे अन्यायाचे होईल. तथापि, कोनशिलेवर दात्याचे नाव असते, कापूस पिकवणाऱ्याचे नसते, हेही खरेच. देणगी ही ताळेबंदाची एकच बाजू होय. दुसरी बाजू वाचणे हा कृतघ्नपणा नसून, ज्या शिक्षणासाठी या इमारती बांधल्या गेल्या, त्या शिक्षणाचाच तो भाग आहे.