जुन्या गाडीची परीक्षा: वय मोजायचे की ब्रेक?

#धागा

२९ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईतील ताडदेवच्या आरटीओ कार्यालयात एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी झाली. ही त्या जातीची शेवटची टॅक्सी. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपताच ही गाडी आणि तिच्यासोबत सुमारे सहा दशकांची परंपरा रस्त्यावरून उतरली. तेव्हा पुष्कळ हळवे लेखन झाले. मात्र एक साधा प्रश्न जवळजवळ कोणी विचारला नाही: त्या दिवशी त्या गाडीचे ब्रेक कसे होते?

कायद्यालाही तो विचारण्याची गरज नव्हती. वीस वर्षे भरली होती, एवढे पुरेसे होते.

खाडीच्या अलीकडे, नवी मुंबईत, गोष्ट वेगळी आहे. कुर्ल्याच्या त्याच कारखान्यातून निघालेली, त्याच बनावटीची, पण खासगी नोंदणीची पद्मिनी आजही कायदेशीरपणे रस्त्यावर धावू शकते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. पुढे दर पाच वर्षांनी गाडी अधिकाऱ्यासमोर उभी करून नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. लोकांच्या तोंडी यालाच ‘पासिंग’ म्हणतात. एकाच यंत्राला एका पाटीखाली वयाचा न्याय आणि दुसऱ्या पाटीखाली प्रकृतीचा न्याय, हा भेद कुठून आला?

आधी नवी मुंबईच्या गाड्यांविषयी थोडे. सिडकोची स्थापना १९७० ची, ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा आणि वाशीला लोकल पोहोचली ती १९९२ मध्ये. मधली जवळजवळ वीस वर्षे या शहराने बस आणि स्वतःचे वाहन यांवर काढली. त्यामुळे येथील जुन्या कुटुंबांत गाडी ही केवळ हौसेची वस्तू नव्हती. त्या पिढीच्या गाड्यांवर आजच्या एमएच-४३ ऐवजी ठाण्याचा एमएच-०४ दिसतो, तर पनवेलकडच्या गाड्यांवर पेणचा एमएच-०६. नगरनियोजनाचा इतिहास नंबरप्लेटवरून वाचता येतो, तो असा. खाडीच्या खाऱ्या हवेत या गाड्यांचे इंजिन टिकते, पण पत्रा सडतो. पासिंगला निघालेल्या मालकाची पहिली फेरी म्हणूनच बहुधा डेंटरकडे होते.

मग कागद: पंचवीस क्रमांकाचा अर्ज, विमा, पीयूसी, राज्याचा पर्यावरण कर. आणि एक गोष्ट, जी इतिहासाच्या विद्यार्थ्याला ओळखीची वाटावी. चासीवर कोरलेल्या क्रमांकावर कागद ठेवून, वर पेन्सिल घासून त्याचा ठसा घेतात आणि तो दप्तरातील नोंदीशी ताडून पाहतात. शिलालेखाचा ठसा घेण्याची आणि कागद अस्सल की बनावट हे ठरवण्याची रीत याहून फार निराळी नाही. दोन्हीकडे गृहीतक एकच असते. वस्तू जुनी आहे म्हणून ती बाद होत नाही आणि जुनी आहे म्हणून खरीही ठरत नाही. ती तपासावी लागते.

टॅक्सीच्या बाबतीत हे गृहीतक का सुटले? १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने शहरातील वाहनांच्या धुराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. त्या प्रकरणात परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे वळवण्याचे आदेश झाले. धूर हा खरा प्रश्न होता आणि न्यायालयाने त्यात हात घातला हे योग्यच झाले. परंतु २००८ मध्ये राज्याने टॅक्सीला पंचवीस वर्षांची आणि २०१३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा प्रश्नाचे रूपच पालटले. गाडी किती धूर सोडते याऐवजी गाडी किती वर्षांची आहे, हे विचारले जाऊ लागले.

याचे कारण एका दुसऱ्या खटल्यात सापडते. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये व्यावसायिक वाहनांच्या तंदुरुस्ती तपासणीविषयी उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बासष्टाव्या नियमाला तपासणीची एक लांब सूची जोडलेली आहे. दिव्यांचा झोत, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, स्टिअरिंग, ब्रेक, इतकेच काय स्पार्क प्लगची टोपीसुद्धा त्यात येते. सूची उत्तम होती, पण ती राबवायला जागाच नव्हती. ब्रेकची खरी परीक्षा घ्यायची तर गाडी वेगाने पळवून थांबवावी लागते आणि अनेक कार्यालयांकडे तेवढा रस्ता नव्हता. अखेर न्यायालयाला सांगावे लागले की २५० मीटरची चाचणी धावपट्टी हवी, त्याशिवाय तंदुरुस्तीचा दाखला देता येणार नाही.

२५० मीटर! ज्या राज्यात मोटार वाहनांच्या नोंदणीला शंभरहून अधिक वर्षे झाली, तेथे एकविसाव्या शतकात न्यायालयाला पाव किलोमीटर रस्ता मागावा लागला.

या दोन खटल्यांना शेजारी ठेवले की वयोमर्यादेचा उगम स्पष्ट होतो. ज्या राज्ययंत्रणेला तपासता येत नाही, ती वर्षे मोजते. मोजणीला धावपट्टी लागत नाही, यंत्र लागत नाही, प्रामाणिक निरीक्षक लागत नाही. आरसी बुकावरील तारीख वाचता आली की झाले. वयोमर्यादेला पर्यावरणाचे धोरण म्हटले जाते, पण तिचा मोठा भाग हा तपासणीच्या अपयशाची कबुली आहे. एप्रिल २०२३ पासून सरकारने स्वतःच्या पंधरा वर्षांवरील गाड्या सरसकट मोडीत काढायला घेतल्या. आपल्याच दारातील गाडीचे ब्रेकही तपासून पाहावेसे वाटले नाहीत, हे बोलके आहे.

खासगी गाडीच्या बाबतीत मोजणीचे काम शुल्क करते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाला पूर्वी ६०० रुपये लागत. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील गाडीसाठी १०,०००. गाडी उत्तम असो वा खटारा, रक्कम तीच. सधन संग्राहकाला ती जाणवत नाही. वडिलांची मारुती ८०० जपणाऱ्या नेरूळच्या निवृत्त कारकुनाला ती जाणवते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. जुनी गाडी निष्पाप नसते. पीयूसीच्या नियमांत जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, तर भारत स्टेज-दोनच्या गाडीला ०.५ टक्के. म्हणजे परवानगीच सहापट. गाडीला तिच्या काळाच्या मापाने मोजणे न्याय्य आहे, कारण १९९० च्या यंत्राकडून २०२० ची अपेक्षा करणे हा कालविपर्यास ठरेल. पण श्वास घेणारा माणूस आजचा असतो. म्हणून जुन्या गाडीच्या वापरावर मर्यादा घालण्यात गैर काही नाही. गैर आहे ते तपासल्यावाचून शिक्षा करणे.

आता बदल केलेल्या गाड्यांकडे. येथे कायद्याचा इतिहास फारच रोचक आहे आणि त्याची चर्चा अगदी थोडी होते. १९३९ च्या कायद्यात गाडीत बदल करायचा असेल तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून त्याची मान्यता घ्यावी लागे. म्हणजे कसोटी दप्तराची होती: जे केले ते नोंदवलेले असावे. २००० मधील दुरुस्तीने बावन्नावे कलम पालटले आणि कसोटी कारखान्याची झाली: निर्मात्याने ठरवलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत असा बदल नको. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात हाच अर्थ कायम केला. मान्यताप्राप्त संच बसवून इंधन बदलण्यासारखे अपवाद कलमातच आहेत.

कर्कश सायलेन्सर आणि नको तेवढे रुंद टायर यांना आळा बसला, हे चांगलेच. पण निर्माताच उरला नसेल तर? पद्मिनीचे उत्पादन थांबून दोन दशके उलटून गेली. तिचे सुटे भाग गॅरेजमधल्या कारागिरांनी जुळवले, घडवले, दुसऱ्या गाडीचे आणून बसवले. मुंबईकरांच्या स्मरणातली ‘अस्सल’ काळी-पिवळी तरी मूळ रूपात कुठे होती? डिकीतला सीएनजीचा सिलिंडर तिला धोरणाने बहाल केला होता.

उलट जुलै २०२१ च्या व्हिंटेज नियमांकडे पाहावे. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील आणि फारशी फेरफार न झालेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघेल. नियम चांगला आहे, पण त्यातून वाचतील त्या गाड्या संस्थानिकांच्या आणि संग्राहकांच्या. रोज राबलेली गाडी मूळ रूपात राहतच नाही, कारण राबणे म्हणजेच दुरुस्त होत राहणे. जर्मनीत तीस वर्षांच्या गाडीला ऐतिहासिक पाटी मिळते आणि त्या काळातच केलेले बदल तिच्या इतिहासाचा भाग मानले जातात. तपासणी मात्र कसून होते.

महाराष्ट्राने हा मधला मार्ग मागायला हवा. धावपट्टीवर ब्रेक तपासावे, धूर मोजावा, पत्रा ठोकून पाहावा आणि १९३९ च्या पद्धतीने प्रत्येक बदल आरसी बुकात लिहावा. ज्या गाडीत खोट निघेल ती पाच वर्षांची असली तरी थांबवावी.

१९९८ मध्ये नोंदलेली एखादी खासगी पद्मिनी घ्या. तिची पासिंगची वर्षे २०१३, २०१८, २०२३ होऊन गेली. २०२८, २०३३, २०३८, २०४३ यायची आहेत. २०४८ उलटल्यावर ती व्हिंटेज पाटीसाठी अर्ज करू शकेल आणि तेव्हा तिला विचारले जाईल, मूळ काय उरले आहे? कार्बोरेटर कधी बदलला, गिअरबॉक्स कुठून आणला, खालचा पत्रा कोणी जोडला, हे तेव्हा फक्त तिच्या मेकॅनिकला ठाऊक असेल, तोही हयात असला तर. सात वेळा तपासली गेलेली ती गाडी, पण सरकारी दप्तरात यातली एक ओळही सापडणार नाही.