घाटात जादा बैल जुंपा!

लोणी काळभोरच्या सायकलवाल्यांचा एक प्रॉब्लेम आहे. सोलापूर रोड पोळपाटासारखा सपाट! पंचविसाचा स्पीड आरामात मिळतो, कॉलर टाइट होते आणि मग ऑफिसातलं कुणीतरी म्हणतं, ‘संडेला दिवे घाट मारायचा?’

पहिलं वळण सुसाट. दुसऱ्याला धाप. तिसऱ्याला ‘फोटो काढायला’ थांबायचं. खाली मस्तानी तलाव झक्कास दिसतो हे खरंय, पण तो बहाणा सगळ्यांना ठाऊक असतो, बॉस! असे दोन रविवार झाले की सायकल बाल्कनीत जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. माझ्या एका मैत्रिणीने तर गुडघेदुखीमुळे सायकलच सोडली. मला खटकतं ते हे. कारण बऱ्याचदा पाय कमजोर नसतात, गिअर चुकलेला असतो.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणीवरून पुढे जाते आणि माउलींची दिवे घाटातून सासवडला. या घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. तुमच्या सायकलच्या जादा बैलजोड्या म्हणजे हलके गिअर. ते वापरायला लाजायचं कशाला?

साधा हिशेब बघा. पुढच्या चक्राला ३४ दात, मागच्यालाही ३४, तर पेडलच्या मिनिटाला ६० फेऱ्या मारून ताशी साधारण साडेसात किलोमीटर वेग मिळतो. पुढे ५० आणि मागे २५ ठेवलंत, तर तोच वेग ३० फेऱ्यांत मिळेल. पण प्रत्येक फेरीला दुप्पट जोर लागेल. तो जोर येतो गुडघ्यावर. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करा. चेनवर पूर्ण ताण असताना बदलायला गेलात तर ती कुरकुरणार, कधी निसटणारही.

दुसरा फंडा म्हणजे पहिली पाच मिनिटं मुद्दाम हळू. शेजारच्याशी तुटक का होईना, बोलता आलं पाहिजे. खांदे सैल, हँडल हलकं धरलेलं, बहुतेक वेळ सीटवरच. पाठ अवघडली की थोडा वेळ उभं राहायचं. वळणाची आतली कड सगळ्यात उभी असते. मागे ट्रक नाही ना, हे बघून किंचित बाहेरून घ्या.

तयारीला घाटच हवा असं नाही. मी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी रामदऱ्याच्या बाजूला जाते. पाच मिनिटं दमवणारा वेग, तीन मिनिटं निवांत, असं चार वेळा. ऑफिसच्या आधी आटोपतं.

आणि महागड्या कार्बन सायकलचं काय? तुमचं आणि सायकलचं मिळून वजन ८० किलो असेल, तर एक किलो कमी करून वीस मिनिटांच्या चढात वाचतात जेमतेम पंधरा सेकंद. त्यापेक्षा मागे मोठं चक्र बसवून घ्या, स्वस्तात काम होईल.

उतरताना मात्र हिरोगिरी नको. ब्रेक वळणाच्या आधी, दोन्ही, आणि आपली बाजू सोडायची नाही.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. तो मान त्यांना लखलाभ! आपण न थांबता वर पोचायचं आणि सोमवारी जिने न कण्हता चढायचे. इतकं जमलं तरी सॉलिड!