हरित कॅम्पसचा झाडू कोणाच्या हातात?

5 जून जवळ आला की विद्यापीठांना निसर्ग आठवतो. खड्डा गेल्या वर्षीचाच असतो, रोप तेवढे नवे. साहेब रोपाला हात लावतात, फोटो निघतो आणि फाइलीत जातो. नॅकच्या मूल्यांकनात हरित परीक्षण, कचरा, पाणी यांची विचारणा होते, म्हणून ही सगळी धावपळ. रोपाला आमचा विरोध नाही. सवाल एवढाच की फोटोत झारी धरणारा हात दिसतो, झाडू धरणारा का दिसत नाही?

वसतिगृहाच्या मागे सकाळी सहाला जाऊन उभे राहा. खरकटे, सॅनिटरी पॅड, फुटक्या बाटल्या, दाढीची पाती, सगळे एकाच पिशवीत. ती उघडून हाताने निवडणारी बाई ठेकेदाराची. तिला हातमोजे मिळाले का, पगार वेळेवर झाला का, ती कोणत्या वस्तीतून येते, विचारून बघा. वस्तीचे नाव ऐकल्यावर बहुतेक वेळा जात विचारावी लागत नाही. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे काम तिच्यावर टाकलेले नव्हते. कचरा करणाऱ्यानेच तो ओला, सुका आणि घरगुती घातक असा वेगळा करायचा, पॅड नीट गुंडाळून द्यायचे, असे त्यात स्पष्ट होते. दिवसाला 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्था, अगदी विद्यापीठेसुद्धा, त्यात मोठ्या कचरा उत्पादक ठरल्या. म्हणजे निवडण्याचे काम आपल्या खोलीतले आहे. जात म्हणजे श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी, हे बाबासाहेबांचे म्हणणे आपण समाजशास्त्राच्या पेपरात लिहितो, दहापैकी आठ गुण घेतो आणि खोलीवर येऊन सगळे एकाच बादलीत टाकतो.

आता थोडे आपल्याच पोरांशी. "पर्यावरण हा सवर्णांचा छंद आहे, आपल्याला शिष्यवृत्ती आणि आरक्षणाचे प्रश्न पुरेसे आहेत," असे कार्यकर्ते आम्हाला सुनावतात. शिष्यवृत्ती रखडते, मान्य. पण 20 मार्च 1927 ला महाडला आपली माणसे कशासाठी चालत गेली? चवदार तळ्याच्या पाण्यासाठी. निसर्गावर हक्क कोणाचा, हा प्रश्न या देशात त्याहून धारदारपणे कोणी विचारला? 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेवर काम केले. पाणी हा त्यांच्यासाठी छंद नव्हता.

आणि आपण बौद्ध म्हणवतो. विनयात भिक्खूने पाण्यात थुंकू नये, हिरवी वनस्पती तोडू नये, असे नियम आहेत. वर्षावास सुरू झाला तोच मुळी पावसाळ्यात भिक्खूंच्या पायाखाली कोवळे गवत आणि किडे चिरडले जातात, अशी लोकांनी तक्रार केली म्हणून. चुल्लवग्गात उदेन राजा आनंदाला विचारतो, एवढ्या चीवरांचे करणार काय? आनंद सांगतो: जुन्या चीवरांची आच्छादने होतील, ती फाटली की बैठका, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवू. 'शाश्वत विकास' हा शब्द सेमिनारमध्ये ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा वाचावा. आणि सोपाकाला, सुनीताला संघात घेणाऱ्या तथागताचे नाव घेऊन आपण सफाई कामगाराला 'ए' म्हणून हाक मारतो, हेही आठवावे.

म्हणून आमचे म्हणणे असे. हरित समिती असेल तर तिच्यात सफाई कामगार हवेत, निमंत्रित म्हणून नव्हे, सदस्य म्हणून. ठेकेदाराने पगार थकवला तर कायद्याने जबाबदारी मूळ संस्थेवर येते. तेव्हा पगाराचा कागद हरित परीक्षणाच्या फाइलीत लावा. सुरक्षा साधनांशिवाय मैलाटाकीत माणूस उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आपल्या वसतिगृहाची टाकी कोण साफ करते, कशाने, हे माहिती अधिकारात विचारा. विद्यार्थी संघटनांनी यंदा एवढे एक काम केले तरी पुष्कळ.

आणि 14 एप्रिल. एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे ग्लास आणि 100 मायक्रॉनहून पातळ बॅनर यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. तरी आपल्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर काय पडलेले असते? 15 ला पहाटे ते उचलायला आपलीच एखादी मावशी येते, तिची जयंती तिथेच संपते. येत्या जयंतीला पाण्याचे पिंप, स्टीलचे पेले, कापडी बॅनर ठेवा. आणि 15 एप्रिलला सकाळी सहाला झाडू जयंती समितीच्या अध्यक्षाच्या हातात असू द्या. मावशीला त्या दिवशी पगारी सुट्टी.