तिसरी बंदूक

जुन्या बाजारपेठांतील पेढ्यांमध्ये तिजोरी, तराजू आणि वह्या यांच्या बरोबरीने आणखी एक वस्तू पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जात असे. ती म्हणजे परवान्याची बंदूक. बँका दूर होत्या, रस्ते निर्मनुष्य होते आणि हंगामाची वसुली करून परतणाऱ्या आडत्याजवळ रोकड असे. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या घरात शस्त्र कसे, हा प्रश्न तेव्हाही विचारला जाई आणि त्याचे उत्तर परंपरेतच होते. श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. आरंभी, उद्योगी आणि विरोधी हिंसा गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही. ती कमीत कमी व्हावी, एवढी दक्षता त्याने घ्यावयाची. घरात बंदूक आली ती या सवलतीच्या आधाराने. परंतु सवलतीने आलेली वस्तू हौसेने वाढू लागली, की तिचा हिशेब वेगळ्या खात्यात मांडावा लागतो.

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. तालुक्याच्या गावी धान्याची आडत, तीन पिढ्यांची पेढी, आणि सत्तरी ओलांडलेले, अवघ्या गावात ‘अण्णा’ म्हणून ओळखले जाणारे कर्ते पुरुष. त्यांच्या परवान्यावर तीन शस्त्रे होती. पहिली, वडिलांकडून आलेली बारा बोअरची दुनळी. ती वसुलीच्या प्रवासात बरोबर असे. दुसरे, एक रिव्हॉल्व्हर. पेढीचा व्यवहार वाढला, आठवड्याचा भरणा घेऊन शहरात जावे लागू लागले, तेव्हा अण्णांनी ते घेतले. तिसरी बंदूक मात्र कोणत्याही गरजेने आली नव्हती. एका जुन्या वाड्यातील सामान विकले जात असता नक्षीदार दस्त्याची दुनळी त्यांच्या पाहण्यात आली आणि मनात भरली. रीतसर परवानगी घेऊन, पूर्ण किंमत मोजून त्यांनी ती घेतली. तिच्यातून कधी एक बार निघाला नाही. वर्षातून दोनदा ती पुसून, तेल देऊन पुन्हा कपाटात ठेवली जाई, आणि एखादा खास पाहुणा आला की दाखविली जाई.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. १९५९च्या मूळ कायद्यात एका व्यक्तीने किती अग्निशस्त्रे बाळगावीत याला संख्येचे बंधन नव्हते. १९८३च्या दुरुस्तीने ते तीनवर आणले. २०१९चे विधेयक प्रथम मांडले गेले तेव्हा त्यात एकाच शस्त्राची मर्यादा सुचविली होती. चर्चेअंती ती दोन ठरली. वारशाने आलेले शस्त्रही या मोजणीतून सुटले नाही. ज्यांच्याकडे दोनहून अधिक शस्त्रे होती, त्यांनी कोणती दोन ठेवावयाची ते स्वतः ठरवून उरलेली एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावीत, असे ठरले. लक्ष्यवेधाचा सराव करणारे मान्यताप्राप्त रायफल क्लबचे सदस्य आणि शस्त्रविक्रेते यांच्यासाठी काही अपवाद ठेवण्यात आले. अण्णा त्यांपैकी कोणत्याच वर्गात बसत नव्हते.

वर्ष सरत आले तरी निर्णय होईना. २०२०ची दिवाळी आली. महामारीमुळे पाहुणे नव्हते. निर्वाण लाडू घरीच चढविला गेला आणि वहीपूजनालाही घरचीच माणसे बसली. पूजा आटोपल्यावर थोरल्या चिरंजीवांनी विषय काढला.

“अण्णा, मुदत संपायला महिना उरला आहे. एक जमा करावीच लागेल.”

“चोरीची आहे का?” अण्णा किंचित त्रासिक स्वरात म्हणाले. “परवाना आहे, पावती आहे. इतकी वर्षे सांभाळली. कधी कुणाला तिचा उपद्रव झाला आहे का?”

पेढीचे हिशेब पाहणारी सून शेजारीच बसली होती. वर्षअखेरीस गोदामातील मालाची मोजदाद तीच करीत असे. ती नम्रपणे म्हणाली, “अण्णा, कोणती ठेवायची हे तुम्हीच ठरवा. त्याआधी मालाची मोजदाद करतो तशी एकदा याचीही करू या का?”

यात नाकारण्याजोगे काही नव्हते. कपाट उघडले गेले. तिन्ही शस्त्रांचे क्रमांक परवान्याशी ताडून पाहिले. ते बरोबर जुळले. मग काडतुसांची पेटी काढली. खरेदीच्या नोंदीप्रमाणे बारा बोअरची पंचवीस काडतुसे असावयास हवी होती. पेटीत भरली तेवीस. दोन कोठे गेली, ते अण्णांना आठवेना. वापरली म्हणावे, तर गेल्या कित्येक वर्षांत बार काढलेला नव्हता. घरभर शोध सुरू झाला. तेवढ्यात नऊ वर्षांचा नातू सहजपणे म्हणाला, “आजोबांच्या जुन्या कोटाच्या खिशात बघा. तिथे दोन लाल नळ्या आहेत. आणि कपाटाची दुसरी किल्ली कॅलेंडरच्या मागे असते.”

काडतुसे खरोखरच त्या कोटात निघाली. कोट दाराआडच्या खुंटीवर, मुलाच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर होता. किल्लीही त्याने सांगितलेल्या जागीच होती. काही क्षण कोणीच बोलले नाही. घडले काहीच नव्हते. पण काय घडू शकले असते, ते प्रत्येकाला दिसले होते. अण्णांनी काडतुसे हातात घेतली आणि ते म्हणाले, “परवाना माझ्या नावाचा, आणि माहिती मात्र सगळी याला.”

संग्रह केव्हा अतिरिक्त होतो, या प्रश्नाचे उत्तर बहुधा संख्येत शोधले जाते. कायद्याला संख्या सांगावीच लागते, कारण त्याला सर्वांसाठी एकच रेषा ओढावयाची असते. पण कायद्याची रेषा ही कमाल मर्यादा असते. बँकेने दहा लाखांची कर्जमर्यादा मंजूर केली म्हणून दहा लाख उचललेच पाहिजेत, असे कोणताही शहाणा व्यापारी मानीत नाही. धंद्याला लागतील तेवढेच तो उचलतो. परिग्रह-परिमाण व्रतामागेही हाच विचार आहे. शेत, घर, सोने, धान्य यांची मर्यादा श्रावकाने स्वतः ठरवावयाची आहे. राजाने घालून दिली म्हणून नव्हे, तर आपली गरज आणि आपली आसक्ती यांतील अंतर आपल्यालाच ठाऊक असते म्हणून. तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची ओळख मूर्च्छेवरून करून दिली आहे. वस्तू एकच असेल आणि तिच्यावरील ममत्वाने सावधपण हरपत असेल, तर तेथे परिग्रह आहे.

शस्त्राच्या बाबतीत हे सावधपण हरपणे केवळ स्वतःपुरते राहत नाही. जुनी भांडी, नाणी किंवा हस्तलिखिते जमविणाऱ्याच्या हातून निष्काळजीपणा झाला, तर वस्तूची हानी होते. बंदुकीच्या बाबतीत माणसाची होते. म्हणूनच श्रावकाचाराने शस्त्राचा विचार अनर्थदंडाच्या प्रकरणातही केला आहे. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत हिंसादान म्हणजे हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे आणि प्रमादचर्या म्हणजे निष्प्रयोजन, बेसावध वर्तन हे दोन्ही आहेत. किल्ली कॅलेंडरमागे ठेवणाऱ्या गृहस्थाने कोणाच्याही हाती शस्त्र दिलेले नसते. पण ते कोणाच्याही हाती जाऊ शकेल अशी व्यवस्था मात्र केलेली असते. या दोहोंतील अंतर फार थोडे आहे.

जगात या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली गेली आहेत. अमेरिकेत एका व्यक्तीने किती बंदुका बाळगाव्यात याला तेथील केंद्रीय कायद्याची मर्यादा नाही. जिनिव्हा येथील ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या अंदाजानुसार २०१७च्या अखेरीस तेथील नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून अधिक. त्या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. चोराला धाक म्हणून घरात ठेवलेले शस्त्र निराशेच्या एखाद्या रात्री घरच्याच माणसाच्या हाती लागते, हा त्या आकड्याचा अर्थ आहे. ब्रिटनची रीत वेगळी आहे. तेथे रायफल बाळगावयाची तर प्रत्येक शस्त्रासाठी स्वतंत्र सबळ कारण द्यावे लागते, आणि ते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था पोलीस पाहून जातात. ‘किती?’ यापेक्षा ‘ही कशासाठी?’ हा प्रश्न तेथे आधी येतो. घरातील मोजदादीलाही हाच प्रश्न उपयोगी आहे.

शस्त्र बाळगणाऱ्या कुटुंबाने काही गोष्टी हिशेबाच्या शिस्तीने पाळाव्यात. परवाना व्यक्तीच्या नावे असतो; पेढीच्या वा घराण्याच्या प्रतिष्ठेच्या नावे नसतो. ज्याचे नाव परवान्यात आहे त्यानेच शस्त्र हाताळावे आणि किल्ली त्याच्याच ताब्यात असावी. शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे. काडतुसे निराळ्या जागी, निराळ्या कुलपात असावीत. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. त्याच धर्तीवर येथेही दोन कुलपांचे अंतर असावे. काडतुसांची खरेदी आणि वापर यांची तारीखवार नोंद ठेवावी. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची केली आहे. मुदत लांबली की विसरही लांबतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. उत्तर भारतात लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्याची प्रथा आहे आणि तिने अनेक घरांत सुतक आणले आहे. जीविताला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांस पात्र आहे. मंगल प्रसंगी बंदूक घराबाहेर काढूच नये, हे बरे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते उत्तराधिकाराकडे. परवानाधारकाचे निधन झाले की त्याचे शस्त्र कुटुंबाने नुसते कपाटात ठेवून चालत नाही. घरातील दुसऱ्या कोणाला परवाना नसेल, तर ते बाळगणे बेकायदेशीर ठरते. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा केल्याने वारसाचा हक्क लगेच बुडत नाही. ठरलेल्या मुदतीत तो स्वतः परवाना मिळवून शस्त्र परत घेऊ शकतो, किंवा बाळगण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला विकू शकतो. मुदत दवडली तर मात्र ते सरकारजमा होऊ शकते. २०१६च्या नियमांनुसार धारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांतील जे आधी घडेल तेव्हा, आपल्या हयातीतच वारस सुचवून त्याच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची सोय आहे. तेराव्या दिवसाच्या गडबडीत विधवा आईला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये, असे ज्याला वाटते त्याने हे काम वेळेवर करावे.

अण्णांच्या घरी त्या दिवशी हाच विषय शेवटी निघाला. त्यांनी चिरंजीवांना विचारले, “माझ्यामागे यातले काय तुला हवे?”

चिरंजीव जरा थांबून म्हणाले, “अण्णा, भरणा आता फोनवरून होतो. वसुलीला कुणी बाहेर जात नाही. खरे सांगायचे तर मला एकही नको. पण आजोबांची आहे, म्हणून तुमच्यासमोर नको म्हणवत नाही.”

“मग तू ती माझ्यासाठी सांभाळणार, मी ती माझ्या वडिलांसाठी सांभाळली,” अण्णा म्हणाले. “आणि वडिलांनी ती सांभाळली होती रस्त्यावरच्या चोरासाठी. तो रस्ताच आता राहिला नाही.”

नक्षीदार दुनळी मुदतीच्या आत जमा झाली. ती पोचती करताना अण्णांना वाईट वाटले नाही असे नाही. पावतीची घडी त्यांनी बराच वेळ हातात धरली होती. रिव्हॉल्व्हर ठेवण्याची कायद्याने मुभा होती. तरीही पुढील काही महिन्यांत आवश्यक परवानगी घेऊन त्यांनी तेही अधिकृत विक्रेत्यामार्फत विकून टाकले. विकत घेण्याचे कारण संपले होते; ठेवण्याचे नवे कारण त्यांना सुचले नाही. वडिलांची दुनळी राहिली. ती नव्या पोलादी कपाटात आहे, काडतुसे दुसऱ्या खोलीत आहेत आणि दोन्ही किल्ल्या अण्णांच्या कमरेला आहेत. परवान्याची मुदत संपेल तेव्हा तिचेही काय करावयाचे ते त्यांनी अद्याप ठरविलेले नाही. मात्र वहीत तिच्या नावे एक पान उघडले आहे. त्यावर क्रमांक, काडतुसांची शिल्लक आणि नूतनीकरणाची तारीख आहे. आणि खाली अण्णांच्याच हस्ताक्षरात एक रकाना आहे: ‘ठेवण्याचे कारण’.

दर दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी तो रकाना नव्याने भरावयाचा, असा आता त्या घरचा शिरस्ता आहे. ज्या वर्षी तेथे लिहिण्याजोगे काही उरणार नाही, त्या वर्षी ती एकही बंदूक अतिरिक्त ठरेल.