वासाची सवय झाली, म्हणून विष संपले नाही

"आता वास येतच नाही, सवय झाली." गटार, कचरा डेपो, सार्वजनिक शौचालय यांची सफाई करणारे आपले बांधव असे सहज बोलून जातात. ऐकणारे मात्र त्याचा सोयीचा अर्थ लावतात की, या लोकांना त्रासच होत नाही. विज्ञान वेगळे सांगते. ते आपल्या प्रत्येक वस्तीत पोहोचले पाहिजे, असे आमचे मत आहे.

वास नाकात शिरतो, पण कळतो मेंदूत. समुद्रातील एका जेलीफिशच्या अंगात हिरवे चमकणारे प्रथिन असते. ते शोधून उपयोगात आणल्याबद्दल शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना २००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे या प्रथिनात बदल करून, मज्जापेशी काम करू लागली की जास्त चमकेल असे प्रथिन तयार झाले. ते उंदराच्या मेंदूत घालून, कवटीला बारीक खिडकी करून सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की कोणत्या वासाला कोणत्या पेशी उजळतात ते दिसते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०१२ मध्ये जागे असलेल्या उंदरांना तोच तो वास पुनःपुन्हा दिला. पेशींची चमक हळूहळू मंदावली. तो परिणाम महिन्याहून अधिक काळ टिकला आणि ओळखीच्या झालेल्या वासापुरताच राहिला. हवेतला वास तेवढाच होता. मेंदूने त्याची दखल घेणे कमी केले होते. सवय म्हणतात ती हीच. तिने विष कमी होत नाही.

गटारातला हायड्रोजन सल्फाइड तर याहून घातक. थोडा असेल तेव्हा त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे १०० भाग झाला, की काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून माणूस खाली उतरतो. प्रमाण आणखी वाढले तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. त्याला वाचवायला उतरणाराही तिथेच पडतो.

२०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास मनाई केली. गटारात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. पण भरपाईने माणूस परत येत नाही.

२०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. लाखोंची गर्दी होईल आणि सफाईचा भार कुणाच्या खांद्यावर पडेल, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून आमची मागणी आहे की, गटाराचे काम यंत्रानेच व्हावे. झाकण उघडल्यावर नाकावर नव्हे, वायू मोजणाऱ्या मीटरवर विसंबावे. कायम असो वा ठेकेदाराचा, प्रत्येक सफाई कामगाराच्या वार्षिक आरोग्य तपासणीत घ्राणशक्तीची तपासणी असावी. हे अशक्य नाही. कोरोनाकाळात २०२० मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेतील निक्सन अब्राहम यांच्या गटाने बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयासोबत वास मोजण्याचे उपकरण वापरले. लक्षणे नसलेल्या रुग्णांतही घ्राणशक्ती मंदावल्याचे त्यातून आढळले. रुग्णाला स्वतःला जे जाणवत नव्हते, ते मोजल्यावर कळले.

वाचकांनीही घरात लक्ष द्यावे. फोडणीचा, करपल्याचा किंवा सिलिंडरच्या गळतीचा वास घरातल्या कुणाला येत नसेल, तर 'सवय' म्हणून सोडू नका. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. आणि गटारात कुणी पडला तर मागोमाग उतरू नका, आधी १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

आपल्या माणसांची घाणीची सवय ही त्यांची ताकद नाही. ती सवय त्यांना लावणारी व्यवस्थाच बदलली पाहिजे.